करार मालकाशी, संसार सोसायटीत: कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने राहण्याचे फायदे-तोटे

पुण्यात वाकड, बाणेर, खराडी, वाघोली; मुंबईकडे ठाण्याचा घोडबंदर रोड, खारघर, कल्याण-शीळ रोड. एका मोठ्या गेटच्या आत पाच-सहा टॉवर, मध्ये बाग, कोपऱ्यात क्लबहाऊस आणि त्यातली कितीतरी घरं भाड्याने दिलेली. नवी नोकरी लागलेली मुलं-मुली, बदलीवर आलेली कुटुंबं, मुलांच्या शिक्षणासाठी गावाकडचं घर बंद करून आलेले आईवडील. घर बघायला गेलं की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: भाडं किती आणि डिपॉझिट किती? ते विचारायलाच हवेत. पण पुढचे दिवस सुखाचे जाणार की कटकटीचे, हे बरंचसं वेगळ्याच गोष्टीवर ठरतं.

तुमचा करार होतो फ्लॅटच्या मालकाशी. रोजचं जगणं मात्र सोसायटीच्या हातात असतं. पाणी किती वाजता येणार, गाडी कुठे लावायची, पाहुण्यांना गेटवर किती वेळ थांबवणार, लिफ्ट बंद पडली तर कोण बघणार, हे सगळं सोसायटी ठरवते आणि सोसायटीशी तुमचा कसलाही करार नसतो. कॉम्प्लेक्समध्ये राहण्याचे बहुतेक फायदे सोसायटीमुळे मिळतात आणि बहुतेक त्रास या मधल्या फटीतून येतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं समजायला सोपं जातं.

कागदावर तुम्ही कोण असता

आपण सगळे ‘भाडेकरू’ म्हणतो, पण कॉम्प्लेक्समध्ये होणारा करार जवळजवळ नेहमी ‘लीव्ह अँड लायसन्स’चा असतो. म्हणजे मालकाने ठरावीक मुदतीसाठी तुम्हाला घर वापरायची परवानगी दिली. जागेत तुमचा कुठलाही हक्क तयार होत नाही. मुदत संपली की परवानगी संपली.

हे असं का, याचं उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरूला काढणं फार अवघड करून ठेवलं. फाळणीनंतर माणसांचे लोंढे येत होते, घरांची टंचाई होती, तेव्हा त्या कायद्याने लाखो लोकांच्या डोक्यावरचं छप्पर टिकवलं हे खरं. पण भाडी गोठलेलीच राहिली, तसा मालकांनी चाळींच्या दुरुस्तीतून हात काढून घेतला आणि नवं घर भाड्याने द्यायला लोक घाबरू लागले. कायद्यातून वाट काढण्यासाठी ‘हे भाडं नव्हेच, नुसती परवानगी’ असे करार सुरू झाले. मग १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी असा करार करून ताब्यात असलेल्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. मालक आणखी बिथरले. घर कुलूप लावून ठेवलेलं परवडलं, पण भाड्याने देणं नको, अशी मानसिकता झाली.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि चित्र बदललं. त्यातल्या कलम २४ नुसार, राहण्यासाठी परवान्यावर दिलेलं घर मुदत संपल्यावर मालकाला परत घेता येतं. राहणाऱ्याने सोडलं नाही, तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. आज एवढे फ्लॅट भाड्याने मिळतात त्याचं मोठं श्रेय या एका तरतुदीला आहे. माझ्या मते ती भाडेकरूच्याही फायद्याची ठरली, कारण त्यामुळे घरं बाजारात आली. त्याची किंमतही आहे. मुदत संपल्यावर मालक म्हणेल तो आकडा मान्य करायचा किंवा सामान बांधायचं, तिसरा मार्ग नाही.

आता त्या प्रसिद्ध अकरा महिन्यांबद्दल. ‘अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही,’ असं दलाल आजही छातीठोकपणे सांगतात. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून ही समजूत आली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ लागू होतं आणि त्यानुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे नोंदणी ही मालकाच्याही हिताची गोष्ट आहे. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेण्यात दोघांचाही फायदा नाही.

खर्च किती? एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. २४,००० भाडं, ७२,००० डिपॉझिट, अकरा महिने असा करार असेल तर हे शुल्क सातशेच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. काम ऑनलाइन होतं, माणूस बायोमेट्रिक मशीन घेऊन घरी येतो आणि आधारवर अंगठे घेऊन जातो. त्याची फी वेगळी. एवढ्या पैशांत हा कागद बँकेत, गॅस जोडणीला, पासपोर्टला, आरटीईच्या शाळाप्रवेशाला पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

पैशाचं गणित

‘भाडं म्हणजे पैसे पाण्यात’ हे वाक्य प्रत्येक भाडेकरूने नातेवाइकांकडून ऐकलेलं असतं. एकदा कागदावर मांडून बघू. पुण्याच्या उपनगरातला ८० लाखांचा फ्लॅट धरा. तो भाड्याने साधारण २४,००० ला मिळतो असं समजू, म्हणजे वर्षाचं भाडं किमतीच्या साडेतीन टक्क्यांच्या थोडं वर. तोच विकत घ्यायचा तर १६ लाख खिशातून, ६४ लाख कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ५५,५०० बसतो आणि पहिल्या हप्त्यातले सुमारे ४५,३०० रुपये नुसतं व्याज असतं. त्याखेरीज ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार, वर ३०,००० नोंदणी. पाण्यातच जायचे असतील तर पैसे दोन्हीकडून जातात, फक्त वेगवेगळ्या नळांनी.

दुसरी बाजूही तितकीच खरी. हप्ता साधारण तेवढाच राहतो, भाडं दरवर्षी वाढतं. सात टक्क्यांनी वाढलं तर २४,००० चे दहा वर्षांनी ४७,००० होतात. हप्ता आणि भाड्यातला फरक दरमहा नियमाने गुंतवला तरच भाड्याचं गणित जिंकतं, आणि तो फरक हॉटेल, फोन आणि गाडीत विरघळून जाणारी घरं मी भरपूर पाहिली आहेत. नोकरीचं गाव पक्कं नसेल, चार-पाच वर्षांत हलायची शक्यता असेल, तर भाडं निःसंशय बरं. मुलं शाळेत रुळली, आईवडील सोबत आले, दर अकरा महिन्यांनी ‘मालक काय म्हणेल’ ही धास्ती नकोशी झाली, की तराजू हळूहळू दुसरीकडे झुकतो.

दरमहाच्या भाड्याखेरीज दलालाला एक महिन्याचं भाडं जातं. पुष्कळ दलाल नूतनीकरणालाही पुन्हा काहीतरी मागतात. घर शोधून देण्याचं काम एकदाच झालेलं असतं, तेव्हा हे पैसे द्यायचे की नाही ते पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. डिपॉझिट पुण्यात बहुधा दोन-तीन महिन्यांचं, मुंबईत त्याहून जास्त. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ हा वेगळाच प्रकार चालतो: दहा-पंधरा लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं नाममात्र किंवा शून्य. ऐकायला छान वाटतं, पण हे पैसे म्हणजे तुम्ही मालकाला तारणाशिवाय दिलेलं कर्ज. त्याच फ्लॅटवर बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर बँकेचा हक्क आधी आणि तुम्ही रांगेत मागे. इंडेक्स टू, म्हणजे घर कुणाच्या नावावर नोंदलेलं आहे हे दाखवणारा नोंदणी कार्यालयाचा उतारा, बघितल्याशिवाय आणि फ्लॅटवर कर्ज आहे का हे विचारल्याशिवाय यात पडू नका. माझं स्पष्ट मत: आयुष्यभराची पुंजी असेल तर अजिबातच पडू नका.

आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर त्यातून २ टक्के कर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी भाडेकरूची. आणि मालक अनिवासी भारतीय असेल, जे पुण्याच्या आयटी पट्ट्यात अगदी सर्रास आहे, तर भाडं १५,००० असलं तरी कर कापायचाच, तोही ३० टक्के अधिक उपकर. मालक अमेरिकेत, व्यवहार बघतात त्याचे वडील, भाडं जातं भारतातल्या खात्यात, त्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही. नोटीस आली की येते भाडेकरूच्या नावावर. करार करतानाच मालक कुठे राहतो हे विचारा आणि सही दुसरं कुणी करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र बघा.

सोसायटीकडून मिळतं काय

मिळतं ते खरंच मोलाचं आहे. स्वतंत्र बंगल्यात किंवा जुन्या वाड्यातल्या खोलीत राहिलेल्या माणसाला हे जास्त कळतं. वीज गेली तर निदान लिफ्ट आणि पंप जनरेटरवर चालतात. नळ गळायला लागला की प्लंबर इंटरकॉमवर बोलावता येतो. कामाला येणाऱ्या मावशी त्याच इमारतीत चार घरं करतात, त्यामुळे नव्या माणसालाही दोन दिवसांत सोय होते. मुलांना खेळायला खाली सोडता येतं आणि संध्याकाळी त्यांना हाका मारत फिरावं लागत नाही. एकटीने राहणाऱ्या मुलीच्या आईवडिलांना गेटवरच्या नोंदवहीचा किती आधार वाटतो, हे त्यांनाच विचारावं. रात्रपाळीहून पहाटे परतणाऱ्या मुलीला रिकाम्या गल्लीऐवजी उजेडातला पोर्च मिळतो. या गोष्टी भाड्याच्या आकड्यात दिसत नाहीत, पण आपण पैसे त्यांचेच देतो.

आणि अडतं कुठे

उदाहरण अगदी साधं. सोसायटीने पाण्याच्या टाक्या धुवायचं ठरवलं. निरोप गेला सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्या ग्रुपवर तुम्ही नाही, तुमचे मालक आहेत आणि ते तेव्हा दुसऱ्या देशात झोपलेले असतात. सकाळी साडेसातला तुम्ही डोक्याला शाम्पू लावून उभे आणि नळाला नुसती फुसफुस. यात कुणाचा दुष्टावा नाही. सोसायटीच्या लेखी त्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस म्हणजे मालक, एवढंच. म्हणून राहायला गेल्या दिवशीच कमिटीच्या सेक्रेटरींना भेटा, भाडेकरूंना घेणारा ग्रुप आहे का विचारा, नसेल तर तो करायची विनंती करा. बऱ्याच ठिकाणी कुणी विचारलेलंच नसतं.

सर्वसाधारण सभेत भाडेकरूला मत नाही. क्लबहाऊसचे दर, पार्किंगचे नियम, पाळीव कुत्र्यांच्या वेळा, सगळं ठरवतात सभासद, पाळायचं तुम्ही. ते एकवेळ समजण्यासारखं आहे. समजण्यासारखं नाही ते हे, की पुष्कळ सोसायट्या भाडेकरूला संशयित समजूनच सुरुवात करतात. ‘बॅचलर नकोत’, ‘रात्री दहानंतर पाहुणे नकोत’, ‘नॉनव्हेज खाणारे नकोत’ असे ठराव होतात. सरकारच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांमध्ये, अविवाहितांना घर देऊ नये असं कुठे म्हटलेलं नाही. घर भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला कळवायचं, सोबत कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढी अपेक्षा आहे. पण इथेच ती मधली फट उघडी पडते: सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दाद मागायची तर ती मालकाने. मालकाला एका भाडेकरूसाठी कमिटीशी वाकडं घ्यायचं नसतं, तो तुम्हालाच समजावतो, ‘जाऊ द्या ना’. दिवसा ऑफिसात माणसं सांभाळणाऱ्या तरुणीला संध्याकाळी तिच्याच दारात तिच्या पाहुण्यांबद्दल जाब विचारला जातो. हे चूक आहे आणि तसं कमिटीतल्या लोकांनी एकमेकांना सांगायला हवं.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसवरून खटके नेहमी उडतात. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी हे शुल्क घेते. पूर्वी मनाला येईल तो आकडा लावत. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्याला मर्यादा घातली: सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा आदेश कायम ठेवला. महिन्याच्या बिलात सेवा शुल्क २,५०० असेल तर हे शुल्क फार तर २५०. घरात मालकाचे आईवडील, भावंडं किंवा मुलं राहत असतील तर तेही नाही. मुळात ते भरायचं मालकाने. करारात ‘सोसायटीची सर्व देणी भाडेकरू भरेल’ असं एक वाक्य टाकून ते तुमच्याकडे ढकललं जातं. तेव्हा ते वाक्य वाचा आणि खोडून नेमकं लिहायला लावा: मेंटेनन्स कोण, नॉन-ऑक्युपन्सी कोण, मोठ्या दुरुस्तीची वर्गणी कोण. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी इमारतीच्या आयुष्यासाठी असतात, त्यांचा भार अकरा महिन्यांच्या पाहुण्यावर टाकणं न्यायाचं नाही.

सामान आणताना-नेताना घेतला जाणारा ‘शिफ्टिंग चार्ज’, दुसऱ्या गाडीचं पार्किंग, मालकाची थकबाकी असली की तुमचा क्लबहाऊसचा पास अडवणं, या सगळ्याची चौकशी टोकन देण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन करा. दलालाला विचारून उपयोग नाही, तो प्रत्येक प्रश्नाला ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणतो.

पाण्याचं तर आवर्जून विचारा. पुण्याच्या कडेच्या नव्या वस्त्यांमध्ये कितीतरी कॉम्प्लेक्स टँकरवर चालतात. मार्चपासून गेटवर टँकरची रांग, मेंटेनन्समध्ये वाढ आणि तरी नळाला वेळापत्रक. घर बघायला शक्यतो एप्रिल-मेमध्ये जावं, किंवा ज्या मावशी तिथे कामाला येतात त्यांना विचारावं, ‘उन्हाळ्यात भांडी घासायला पाणी पुरतं का?’ त्यांचं उत्तर ब्रोशरपेक्षा भरवशाचं.

घर घेताना आणि सोडताना

चावी मिळाली की सामान आत नेण्याआधी मोबाइलवर पूर्ण घराचा व्हिडिओ काढा. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवरची ओल, किचन ओट्याखालचा फुगलेला प्लायवूड, बाल्कनीच्या सरकत्या दाराची चाकं, गिझर चालू करून येणारं पाणी, विजेच्या मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. महावितरणचा ग्राहक क्रमांक घेऊन आधीची थकबाकी बघा, पाइपचा गॅस असेल तर त्याचंही बिल बघा.

माझ्या एका जुन्या घरी, सोडताना मालकांनी पूर्ण रंगकामाचा खर्च डिपॉझिटमधून वळता केला. भिंतींना कुठे खिळा मारलेला नव्हता, की रेघोट्या नव्हत्या. वापराने रंग मळतोच. सामान्य झीज वेगळी आणि नुकसान वेगळं, पण करारात ‘रंगकामाचा खर्च भाडेकरूचा’ असं ओझरतं लिहिलेलं असेल तर वाद घालायला फार जागा उरत नाही. म्हणून रंगाची रक्कम आधीच आकड्यात ठरवावी आणि डिपॉझिट चावी देताना त्याच दिवशी परत मिळेल असं लिहून घ्यावं. लॉक-इन, म्हणजे घर सोडायचं नाही अशी ठरलेली मुदत, आणि नोटीस हेही वेगवेगळे आहेत: सहा महिन्यांचा लॉक-इन असेल तर तिसऱ्या महिन्यात महिन्याची नोटीस देऊनही उरलेलं भाडं मागितलं जाऊ शकतं. नोकरीत बदलीची शक्यता असेल तर लॉक-इन कमी करून घ्या, मालक बहुधा ऐकतात.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम, ते ऑनलाइन होतं. त्याची पोच तुमच्याकडेही असू द्या, सोसायटी मागतेच.

नोंदवलेल्या कराराचा आणखी एक उपयोग आहे आणि तो भाडेकरू सहसा करत नाहीत. सोसायटीच्या सभेत तुम्हाला मत नसलं तरी वॉर्डात आहे. टँकर का लागतो, गेटबाहेरचा रस्ता का उखडलेला आहे, कचऱ्याची गाडी का येत नाही, या प्रश्नांची उत्तरं कमिटीकडे नसतातच, ती महापालिकेकडे असतात. पण बहुतेकांची नावं अजून गावच्या नाहीतर आधीच्या पत्त्याच्या मतदार यादीत असतात, त्यामुळे उमेदवारांना हजारो कुटुंबांच्या कॉम्प्लेक्समध्येही फिरकायची गरज वाटत नाही. निवडणूक आयोगाचा अर्ज क्रमांक ८ पत्ता बदलण्यासाठीही आहे, तो ऑनलाइन भरता येतो आणि पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार चालतो.